इमारत सरकारची, मग यजमान कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, एका केंद्रीय खात्यात लागून तुम्हाला दीड वर्ष झालंय. मे महिन्याच्या शेवटी रेकन्सिलिएशन वीक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी नातं जुळवण्याचा सप्ताह, आहे आणि साहेबांनी तुम्हाला कार्यक्रमाच्या समितीत घातलंय. इमारतीचं पुढचं अंगण, तळमजल्यावरचा हॉल, दीडशे माणसं, आठ हजार डॉलर आणि हातात सात आठवडे. वेलकम टू कंट्री, धुराचा विधी, नाच, बुश फूड म्हणजे इथले रानातले पदार्थ, एवढं समितीने कागदावर मांडलंय. क्रम कसा लावायचा आणि कोणाला बोलवायचं हे तुम्ही विचारलंय, आणि शेवटी जरा दबकत आणखी दोन गोष्टी: आपण भारतीय, आपण यात पडावं का? आणि मंडळाचं लेझीम ठेवलं तर चालेल का?

मी सोळा वर्षं इथल्या सरकारी खात्यांसाठी हेच काम करते. लेझीमचं उत्तर आधीच देऊन टाकते: नको. का नको, ते पुढे सांगते.

क्रम लावणं सोपं आहे, तो अर्ध्या तासात लागतो. अडचण दुसरीकडे आहे. या कार्यक्रमात यजमान कोण, हे तुमच्या समितीने ठरवलेलं नाही. आपल्याकडे घरचं कार्य असलं की दारात कोण उभं राहणार, कोणाला आधी पाणी द्यायचं, कोणाचा मान पहिला, यावर आठ दिवस खल होतो. ते उगाच नसतं. तुमचं खातं निमंत्रण काढतं, हॉल देतं, बिलं भरतं, म्हणून स्वतःला यजमान समजतं. पण वेलकम टू कंट्री याचा अर्थच असा की या भूमीची मूळ माणसं तुमचं स्वागत करणार. म्हणजे यजमान ते आणि पाहुणे तुम्ही. आता गंमत बघा. हे यजमान तुमच्या दाराशी येतात तेव्हा गणवेशातला रक्षक त्यांच्याकडे ओळखपत्र मागतो.

हे मी पाहिलंय, आणि चूक माझी होती. माझं तिसरं वर्ष होतं, खात्याचं नाव सोडून देऊ. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी स्वागतासाठी आल्या. पाहुण्यांच्या यादीत मी त्यांचं आडनाव चुकीचं टाइप केलं होतं आणि त्यांच्याजवळ फोटोचं ओळखपत्र नव्हतं. मागोमाग नाचणारी मुलं आली. त्यांच्याकडे भाले, बूमरँग, ताल धरायच्या काठ्या. एक्स-रे मशीनसमोर सगळं थांबलं. रक्षकाचं काही चुकलं नाही, त्याच्या नियमात भाला हे हत्यारच आहे. पंचवीस मिनिटं आजी काउंटरपाशी उभ्या होत्या, खुर्चीसुद्धा नव्हती. नंतर माइकवर त्या छान बोलल्या. दारातल्या प्रकाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेच मला जास्त लागलं.

ही गोष्ट एवढी लावून धरतेय, कारण या शहरात तिला इतिहास आहे. ९ मे १९२७ रोजी इथे जुन्या संसदभवनाचं उद्घाटन झालं. जिमी क्लेमेंट्स नावाचे, विराजुरी या मूळ समाजातले वृद्ध ब्रुंगलहून कित्येक दिवस पायी चालत त्यासाठी आले होते. कपडे समारंभाला साजेसे नाहीत म्हणून पोलिसाने त्यांना जायला सांगितलं. जमलेल्या लोकांनीच आरडाओरडा करून त्यांची बाजू घेतली म्हणून ते राहू शकले. त्यानंतर संसदेचं सत्र स्थानिक मूळ रहिवाशांच्या स्वागताने सुरू व्हायला २००८ साल उजाडावं लागलं. १२ फेब्रुवारीला मटिल्डा हाऊस नावाच्या वडीलधाऱ्या बाईंनी ते स्वागत केलं आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान केव्हिन रड यांनी आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या पिढ्यांची माफी मागितली. उद्घाटन ते स्वागत, मध्ये ८१ वर्षं. तुमच्या रिसेप्शनवरची पंचवीस मिनिटं या हिशेबात जमा होतात.

तेव्हा पहिलं काम कार्यक्रमपत्रिकेचं नाही, दाराचं. सुरक्षा विभागाला आजच ईमेल करा. नावं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि फोनवर एकदा वाचून दाखवा. नाचाच्या वस्तूंची यादी आधी मंजूर करून घ्या. पास छापून तयार ठेवा. आणि तुमच्या खात्यातला सर्वांत मोठा अधिकारी, होय, सेक्रेटरी किंवा डेप्युटी सेक्रेटरी, दाराबाहेर उभा राहील असं त्याच्या कॅलेंडरात घाला. "स्वागताला कोणीतरी असेल" हे चालणार नाही. माणूस ठरवा.

आता कोणाला बोलवायचं. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमची इमारत कुठे आहे आणि तुमच्या खात्याचे आधीपासून कोणाशी संबंध आहेत यावर अवलंबून आहे. नियम एकच: वेलकम टू कंट्री फक्त त्या भूमीची माणसंच करू शकतात. क्वीन्सलंडहून बदलून आलेला तुमचा ॲबोरिजिनल सहकारी ते करू शकत नाही, आणि त्याला गळ घालणं म्हणजे त्याची पंचाईत करणं. अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री, म्हणजे ही भूमी कोणाची हे आदराने बोलून दाखवणं, मात्र कोणीही करू शकतं, तुम्हीसुद्धा. कॅनबेरात यात आणखी एक पदर आहे. इथलं प्रादेशिक सरकार बरीच वर्षं फक्त ङुन्नवाल लोकांनाच या भूमीचे पारंपरिक रक्षक मानत आलं. ङाम्ब्री कुटुंब न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये सरकारने माफी मागितली. म्हणून कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं गाळायचं हे समितीच्या बैठकीत हात वर करून ठरवू नका. ज्यांना बोलावताय त्यांनाच विचारा, आणि ते सांगतील तसंच साहेबांच्या भाषणात घ्या.

उच्चाराबद्दल एक सुखद गोष्ट. शाळेत क ख ग घ ङ घोकताना तो ङ कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडायचा. वाङ्मय सोडलं तर कुठे भेटतो तो? इथे भेटतो, थेट शब्दाच्या सुरुवातीला. तुमच्या इंग्रजीभाषक सहकाऱ्यांची जीभ इथे अडखळते, तुमची अडखळायचं कारण नाही. दोन दिवस सराव करा.

सात आठवडे पुरतील का? ओढाताण होईल. हा सप्ताह दरवर्षी २७ मे ते ३ जून. त्यातला एक सोमवार इथे रेकन्सिलिएशन डेची सुट्टी, २०१८ पासून. उरलेल्या मोजक्या दिवसांत शहरातलं प्रत्येक खातं, प्रत्येक शाळा, प्रत्येक बँक त्याच पाच-सात वडीलधाऱ्यांना फोन करत असते. एका दिवसात चार ठिकाणी स्वागत करून दमलेली माणसं मी पाहिली आहेत. तारीख तुमच्या हातात असेल तर सरळ ती बदला. मी केलेल्या कामांतला सर्वांत समाधानाचा कार्यक्रम मार्चमधल्या एका साध्या मंगळवारी झाला. कोणाला घाई नव्हती, आणि पाहुणे जेवायला थांबले. "पण सप्ताह तर मेमध्ये आहे" असं समिती म्हणेल. म्हणू द्या. सप्ताहात एखादं व्याख्यान ठेवा, मोठा कार्यक्रम नंतर करा.

बोलावताना ईमेल पाठवून मोकळं होऊ नका. फोन करा, शक्य असेल तर जाऊन भेटा. त्यांच्या समाजात वडीलधाऱ्यांना अंकल, आन्टी म्हणतात, जसं आपण काका, मावशी म्हणतो. पण आपल्यासारखंच तिथेही अनोळखी माणसाने लगेच सलगी करू नये. तेच म्हणतील, मला आन्टी म्हण, तेव्हा म्हणा. आणि एक तयारी मनाशी ठेवा. आदल्या रात्री फोन येऊ शकतो की येणं जमत नाही, सॉरी बिझनेस आहे. म्हणजे कोणीतरी गेलंय आणि घरं दुखवट्यात आहेत. सुतक आपल्याला माहीत आहे, म्हणून तुम्हाला हे समजावावं लागत नाही. तुमच्या साहेबांना लागेल, आणि ते आधीच समजावून ठेवा. अशा वेळी दुसरं कोणी मिळतंय का म्हणून फोनाफोनी करू नका. साहेबांनी साधं अक्नॉलेजमेंट करावं, स्वागत का होत नाही ते एका वाक्यात सांगावं आणि पुढे जावं. मानधन मी तरीही देते. यावर माझं दोन वित्त अधिकाऱ्यांशी भांडण झालंय, दोन्ही वेळा मी जिंकले.

मानधनाचं बोलले तर तेही पुरतं सांगते, कारण सरकारी घरात अपमान बहुतेक वेळा पैशाच्या वाटेने होतो. त्यांनी सांगितलेला आकडा घासाघीस न करता मान्य करा. एबीएन, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, नसलेल्या माणसाचं बिल आलं की वित्त विभाग नियमाने ४७ टक्के कापून घेतो. यातून सुटायचा एक साधा फॉर्म आहे, पुरवठादाराने सही करून द्यायचा. त्याला तो लागू होतो का हे आधी बघा आणि फॉर्म तुम्ही स्वतः भरून न्या. नाहीतर कार्यक्रमानंतर महिनाभराने एका आजोबांना निम्मे पैसे पोहोचतात आणि उरलेल्यांसाठी ते कॉल सेंटरला फोन करत बसतात. शक्य तिथे खात्याच्या कार्डावरून त्याच दिवशी पैसे द्या. जेवण आणि भेटवस्तूंसाठी सप्लाय नेशनच्या यादीत मूळ रहिवाशांच्या मालकीचे व्यवसाय सापडतात. लेमन मर्टलचा केक, वॉटलसीड घातलेला ब्रेड, कांगारूचं मांस असं ठेवा, आणि शाकाहाऱ्यांचं पान वेगळं मांडा. फक्त ॲबोरिजिनल ध्वजाच्या रंगांचे, काळ्या, पिवळ्या, लाल क्रीमचे कपकेक नकोत. इथे या सप्ताहाची सगळ्यात जुनी थट्टा तीच आहे.

धूर. स्मोकिंग सेरेमनीला निलगिरीची ओली पानं जाळतात, धूर दाट येतो, त्यातून चालत जायचं असतं. एकदा मी विधी बाहेरच ठेवला होता, अगदी नियमाप्रमाणे, पण इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेची हवा ओढणारी जाळी नेमकी त्या भिंतीवर होती. सात मजल्यांचे अलार्म वाजले, नऊशे माणसं रस्त्यावर, दोन बंब आले. विधी करणारे गृहस्थ हातातलं भांडं घेऊन शांत उभे होते आणि मला धीर देत होते. तेव्हापासून इमारतीच्या देखभालवाल्याला मी पहिल्या आठवड्यातच भेटते: जाळी कुठे आहे, कोणते सेन्सर तासाभरासाठी बंद करायचे, वाळूची बादली कुठे ठेवायची. दम्याच्या लोकांसाठी निमंत्रणातच सूचना घाला आणि धुरातून जाणं ऐच्छिक ठेवा. आपल्या लोकांना हे बघून "अगदी आपल्या होमासारखं" म्हणायचा मोह होतो. मलाही झाला होता. घरी जरूर म्हणा, माइकवर म्हणू नका.

मेच्या अखेरीस इथली सकाळ गोठवणारी असते. कार्यक्रम नऊला ठेवलात तर उघड्या अंगाने नाचणारी पोरं कुडकुडतील. साडेअकरा ठेवा. वडीलधाऱ्यांना खुर्च्या, पांघरुणं, गॅसचे हीटर. नाचणाऱ्यांना कपडे बदलायला उबदार खोली आणि नंतर शॉवर, कारण अंगाला गेरूचे रंग असतात. हा रंग कार्पेटवरून निघत नाही, तेव्हा खोलीपासून दारापर्यंत चादरी अंथरा. स्टोअररूम देऊ नका. अंगणातच थांबायला सांगू नका.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला जव्हार आठवतं. वडिलांची बदली तिकडे होती. कुठल्याशा सरकारी समारंभात मंत्र्यांच्या स्वागताला तारपा वाजवत नाचायला पाड्यांवरून माणसं आणली होती. मंत्री तीन तास उशिरा आले. आम्ही साहेबांची मुलं मांडवाच्या सावलीत सरबत पीत होतो आणि ती माणसं उन्हात टेम्पोच्या आडोशाला बसून होती. नाच झाला, टाळ्या झाल्या, टेम्पो गेला. मला त्यात तेव्हा काहीही वावगं वाटलं नव्हतं. म्हणून "आपण भारतीय, आपण यात पडावं का" याला माझं उत्तर असं की पडावं, पण आपण या पापातले नाही अशा समजुतीने नको. या देशात आपण जमीन घेतो, घर बांधतो, तेव्हा त्या व्यवहारात आपणही आहोत. आणि तिकडचं आपलं खातंही काही कोरं नाही.

आता लेझीम. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोक, म्हणजे मूळ रहिवासी, हे इथल्या अनेक समाजांपैकी एक समाज नाहीत. लेझीम आलं की भांगडा येतो, मग सिंहनृत्य येतं, आणि दिवस "आपण सारे विविध" असा होऊन जातो. त्यासाठी २१ मार्चचा हार्मनी डे आहे, तिथे मनसोक्त खेळा. समितीतलं कोणीतरी वारली चित्रं आणि ॲबोरिजिनल ठिपक्यांची चित्रं शेजारी मांडू म्हणेल, दोन्ही आदिवासीच म्हणून. तेही टाळा. ठिपक्यांच्या चित्रांची आजची शैली १९७१ च्या सुमारास पापुन्यात, पश्चिम वाळवंटात घडली. कॅनबेराशी तिचा संबंध नाही, आणि त्या आकृत्यांमागच्या कथा ठरावीक कुटुंबांच्या मालकीच्या असतात. म्हणूनच कर्मचाऱ्यांनी मिळून कॅनव्हासवर ठिपके काढायचा खेळ मी ठेवत नाही.

एकदा वेळ काढून नव्या संसदेसमोरच्या अंगणात जाऊन या. तिथलं सुमारे ९०,००० ग्रॅनाइटच्या तुकड्यांचं मोझेइक पापुन्याच्याच मायकेल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून १९८८ च्या उद्घाटनासाठी झालं. १९९३ मध्ये जमीनहक्काच्या कायद्यावरून वाद पेटला तेव्हा निषेध म्हणून त्यांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन मधला दगड उचकटला. सरकारने आपलं चित्र अंगणात लावलं म्हणून चित्रकार सरकारचा झाला नाही.

भाषणाचा मसुदा तुमच्याकडेच येईल, तर एक नेहमीची चूक सांगते. २७ मे ही १९६७ च्या सार्वमताची तारीख. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. साहेब लोक दरवर्षी म्हणतात की तेव्हा मूळ रहिवाशांना मताचा हक्क मिळाला. तसं नाही. केंद्रीय निवडणुकीतला हक्क १९६२ चा. १९६७ ने त्यांना जनगणनेत मोजायला आणि केंद्राने त्यांच्यासाठी कायदे करायला वाट दिली. ३ जून ही १९९२ च्या माबो निकालाची, म्हणजे जमीनहक्काच्या खटल्यातल्या निकालाची तारीख. ही जमीन आधी कोणाची नव्हतीच, हे गृहीतक त्या निकालाने मोडलं. आणि १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत विसरू नका. घटनेत त्यांचा सल्लागार आवाज असावा या प्रस्तावाला देशातल्या सुमारे ६० टक्के लोकांनी नकार दिला, हे आपलं कॅनबेरा मात्र हो म्हणालं. त्यानंतर मला काही वडीलधाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं की आता सरकारी इमारतीत येऊन स्वागत करायचं मन होत नाही. असा नकार आला तर कारण विचारू नका.

रेकन्सिलिएशनला आपण समेट म्हणतो, पण समेट भांडलेल्या दोघांत होतो. इथे एकाचं गेलं आणि दुसऱ्याने घेतलं, आणि घेतल्याच्या नोंदी सरकारी फायलींत आहेत. तुमच्या इमारतीत आलेल्या एखाद्या आजीच्या आईला उचलून नेणाऱ्या हुकमावर अशाच कुठल्यातरी कचेरीचा शिक्का असेल. एकदा एक बाई पायऱ्यांपर्यंत आल्या आणि आत यायला तयार होईनात. आम्ही खुर्च्या बाहेर आणल्या. दीडशे माणसं बाहेर आली, थंडीत उभी राहिली, आणि कार्यक्रम पायऱ्यांवर झाला. क्रमपत्रिका छापली होती, ती खिशात राहिली.

म्हणून क्रम लवचिक ठेवा. सुरक्षा आणि देखभाल विभाग या आठवड्यात, माणसं पुढच्या आठवड्यात, वित्त विभागाचे फॉर्म त्यानंतर लगेच, फोटो आणि व्हिडिओची परवानगी लेखी. चित्रफीत नंतर सगळ्या खात्याला पाठवायची असेल तर तेही आधी विचारा, कारण त्यातलं कोणी वारलं तर कुटुंबाला ती खाली उतरवायची असू शकते. साहेबांनी आपलं भाषण करून मागच्या दाराने सटकायचं नाही, नव्वद मिनिटं बसायचं. खात्याने प्रत्यक्ष काही करायचं ठरवलं असेल, एखादी भरती, एखादं कंत्राट, जुन्या नोंदी कुटुंबांना शोधून देणं, तर ते जाहीर करा. काही ठरलं नसेल तर काही जाहीर करू नका.

ॲबोरिजिनल ध्वज चढवताना काळी पट्टी वर, लाल खाली, हे स्वतः जाऊन बघा.

आणि पार्किंग. दाराला सर्वांत जवळची जागा बहुधा सेक्रेटरींची असते. त्या दिवशी ती मागून घ्या. मी दरवर्षी मागते, अजून कोणी नाही म्हणालेलं नाही.